झरीची परिषद
 डहाणू-तलासरीत श्रमिकांचा बंधुभाव जमीनदारांविरुद्ध संघटित झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारली आदिवासींची परिषद भरवली आणि वेठबिगार, म्हणजे विनामोबदला सक्तीचे काम, तसेच लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी जमीनदाराकडे पत्नीसह राबणारा गडी, या दोन्ही प्रथा मोडण्याचा निर्धार तेथे झाला. पुढे गवतकापणीच्या संपात पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची मागणी झाली. मागणी माफकच होती. याच संपादरम्यान ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याच्या पोलिस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले.