संवेदनेच्या सीमेपलीकडे

ज्या अवयवाला स्पर्श कळत नाही त्याच अवयवात अहोरात्र वेदना नांदत असावी, ही गोष्ट निरोगी माणसाच्या बुद्धीला सहसा पटत नाही. आणि ती न पटल्यामुळेच मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या वाट्याला दुखण्याच्या जोडीने आप्तेष्टांचा, क्वचित वैद्यांचाही, अविश्वास येतो.

सोलापूरनजीक कुंभारी येथे, गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या विडी कामगारांच्या 10,000 घरांच्या वसाहतीत, परांचीवरून पडून कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका गवंड्याच्या खाटेपाशी बसून मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंचे काम पाहिले. पायांना हात लावण्यापूर्वी त्यांनी दुखणे कोठे, केव्हापासून आणि कशाने वाढते याचा तपशील सावकाश विचारून घेतला. "निखाऱ्यावर पाय ठेवल्यागत होतंय बघा, ताई, आणि चिमटा काढला तर कळत न्हाई काय बी," तो म्हणाला. सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळणाऱ्या त्याच्या पत्नीने, रात्री हे अधिक होते, अशी पुस्ती जोडली.

मग कापूस आणि टाचणी यांच्या साहाय्याने छातीपासून खाली येत बाईंनी संवेदनेची सीमा निश्चित केली. त्या सीमेखालचे दाह मनाचे खेळ नसतात. मज्जारज्जूत मेंदूकडे वार्ता नेणारे मार्ग तुटले, तरी इजेच्या आसपासच्या व वरच्या मज्जापेशी अनिर्बंध चेतून उठतात, आणि मेंदू त्या खोट्या वर्दीला पायाचे दुखणे म्हणून रुजू करून घेतो. मज्जारज्जूची इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना अशी वेदना भोगावी लागते. प्रेगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे तिचा जोर कमी करतात, परंतु तिचे संपूर्ण निवारण क्वचितच होते.

त्या दिवशी दाह नेहमीहून अधिक होता, म्हणून बाईंनी पांघरूण दूर केले, तो लघवीची नळी मांडीखाली मुडपलेली आढळली. तुंबलेले मूत्राशय, मलावरोध, नखाची जखम, बेडसोअर यांची प्रत्यक्ष जाणीव अशा शरीराला होत नाही. वाढलेला दाह किंवा पायांचे आचके हीच पुष्कळदा त्यांची फिर्याद असते, आणि ती ऐकून न घेता केवळ गोळी वाढवणे म्हणजे मूळ कारण झाकून ठेवणे होय. खाटेशेजारची गरम पाण्याची पिशवीही त्यांनी उचलून ठेवली. कारण आतून जळणाऱ्या त्या पावलांना बाहेरचे भाजणे उमगत नाही, आणि शेकता शेकता फोड उठले तरी रुग्णास पत्ता लागत नाही.

दुसरे दुखणे खांद्यांचे होते. पायांचा भार हातांवर आला की व्हीलचेअर ढकलून आणि अंग उचलून खांदे झिजतात. म्हणून बाईंनी खाट आणि खुर्ची एका उंचीवर आणली, मधे गुळगुळीत फळी ठेवून सरकण्यास शिकवले, आणि बैठकीवरील दाब कमी करण्यासाठी दर वेळी हातांवर उठण्याऐवजी पुढे वाकण्याचा सराव दिला.

बेडसोअर टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस पालटण्याचा शिरस्ता 1944 पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कटाक्षाने पाळला, आणि त्यामुळे बेडसोअरने दगावणारे अनेक रुग्ण वाचले. कुंभारीच्या त्या घरात तो शिरस्ता हातचे सूप बाजूला ठेवून पत्नी पाळते. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या तिच्या दृष्टीने अशा प्रत्येक खेपेचे मोल रोख पैशांत मोजावे लागते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, प्रत्येक भेटीच्या केसपेपरवर हातापायांच्या बळाबरोबर वेदनेचे स्थान, स्वरूप आणि तीव्रता यांचीही नोंद व्हावी, आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीची काही तजवीज सरकारने करावी. ज्या वेदनेची नोंद होत नाही तिची चौकशी होत नाही, आणि चौकशीवाचून तिचा उपाय सापडत नाही.