राखणदार थकतात तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

सर्दी-पडसे झाले की चार-आठ दिवस नाक वाहते, अंग दुखते आणि मग आपोआप बरे वाटू लागते. गोवर येतो आणि जातो. या आजारांत विषाणूचा पाडाव नेमका कोणी केला, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. काही विषाणू मात्र शरीरात शिरतात ते मुक्काम ठोकण्यासाठीच. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही ही त्यांतली ठळक नावे. अशा वेळी आपल्या रक्षणासाठी असलेल्या पेशी काय करत असतात? त्या हरून मरून जातात का? की त्यांना शत्रू ओळखताच येत नाही? गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून मिळालेले उत्तर वेगळेच आहे. त्या पेशी शत्रूला ओळखतात, त्याच्याशी लढतातही. पण लढता लढता थकतात.

या पेशींना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिथे या पांढऱ्या पेशी तयार होतात, म्हणून त्यांना थायमसमधले ‘टी’ हे अक्षर मिळाले. त्यांचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. सीडी-आठ पेशी विषाणूने बाधित झालेली पेशी हुडकून तिचा नाश करतात. सीडी-चार पेशी इतरांना इशारे आणि मदत देतात. एचआयव्हीच्या रुग्णांना डॉक्टर ‘सीडी-फोर किती?’ असे विचारतात, ते याच पेशींच्या मोजणीबद्दल.

थकव्याचा हा शोध लागला उंदरांमधल्या एका विषाणूमुळे. हैदराबादमध्ये जन्मलेले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकलेले डॉ. रफी अहमद पुढे अमेरिकेत प्रतिकारशास्त्रज्ञ झाले. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचे दोन वाण शेजारी ठेवून दाखवले. दोघांच्या जनुकांत अगदी थोडा फरक होता. पण पहिला वाण उंदराच्या टी पेशी साधारण आठवडाभरात निपटून काढत, तर दुसरा महिनोन्‌महिने शरीरात टिकून राही. शरीर तेच आणि विषाणूही जवळपास तोच असताना निकाल मात्र उलटा लागत होता.

१९९८ साली अहमद यांच्या गटाने या उंदरांच्या टी पेशी बारकाईने तपासल्या. दीर्घ संसर्गातही विषाणूला ओळखणाऱ्या पेशी शरीरात होत्या, पण त्या निष्क्रिय झाल्या होत्या. हा थकवा पायरीपायरीने येतो, हेही पुढे कळले. आधी वेगाने वाढण्याची ताकद जाते, मग मारा करण्याची, आणि शेवटी इतर पेशींना रासायनिक इशारा देण्याचीही. शेताची राखण करणारा माणूस रात्रीमागून रात्री जागाच राहिला, तर डुक्कर समोर दिसूनही त्याच्या घशातून हाक निघणार नाही. तसेच हे आहे.

या थकव्याला एक खटकाही असतो. जपानमधील क्योटो विद्यापीठातील डॉ. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ नावाचे प्रथिन सापडले होते. ते टी पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि ब्रेकचे काम करते. थकलेल्या पेशींवर हा ब्रेक सतत दाबलेला असतो, असे अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले. प्रतिपिंडे देऊन तो सोडवला, तेव्हा त्याच पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि उंदरांमधील विषाणू कमी झाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील एचआयव्ही रुग्णांच्या पेशींवरही हाच ब्रेक दिसून आला.

मग हा ब्रेक काढूनच टाकावा, असे कोणालाही वाटेल. पण इथेच निसर्गाचा हिशेब समजून घ्यायला हवा. ज्या उंदरांमध्ये हा ब्रेक दाबणारे प्रथिन जन्मतःच नव्हते, त्यांना चिवट वाणाचा संसर्ग झाला तेव्हा ते वाचले नाहीत, उलट मेले. विषाणू सर्वत्र पसरलेला असताना टी पेशी आवरल्या नाहीत, तर बाधित पेशींबरोबर अवयवच उद्ध्वस्त होतात. म्हणजे हा थकवा बराचसा तडजोडीचा भाग असतो. आज बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात करणाऱ्या पावडरी आणि काढे भरपूर मिळतात. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ वाढवत नेण्याची गोष्ट नव्हे, तिला आवरही लागतो, हे त्या जाहिराती सांगत नाहीत.

हिपॅटायटिस बी हे याचे आपल्या घरापर्यंत येणारे उदाहरण आहे. हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. नुकसान होते ते मुख्यतः आपल्याच टी पेशींच्या हल्ल्यामुळे. धडधाकट प्रौढाला संसर्ग झाला, तर शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक जणांमध्ये शरीर विषाणूचा निकाल लावते. बाळंतपणात आईकडून बाळाला संसर्ग झाला, तर शंभरांपैकी सुमारे नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो. ही बाळे आजारी दिसत नाहीत. वर्षे जातात आणि चाळिशीच्या आसपास यकृत कठीण झाल्याचे किंवा कर्करोग झाल्याचे कळते. म्हणूनच जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बीची लस देतात. ‘पाचवी होऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा चोवीस तासांचा हिशेब समजावून सांगायला हवा.

एचआयव्हीचे दुखणे याहून अवघड, कारण तो मदत करणाऱ्या सीडी-चार पेशींनाच लक्ष्य करतो. पुण्यात भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिचे नाव आता बदलले असून त्यात विषाणुशास्त्राचाही समावेश झाला आहे. पुढे या संस्थेचे संचालक झालेले डॉ. रमेश परांजपे हे प्रतिकारशास्त्राचे अभ्यासक. एचआयव्ही असूनही औषधांविना वर्षानुवर्षे ज्यांची प्रकृती टिकून राहते, अशा मोजक्या व्यक्तींच्या टी पेशींचा अभ्यास तिथे झाला. पेशींची नुसती संख्या महत्त्वाची नसते. एकेक पेशी किती प्रकारची कामे करू शकते, हे अधिक मोलाचे असते, असे जगभरच्या अशा अभ्यासांतून दिसले.

थकलेल्या पेशींविषयीची एक आशादायक गोष्ट २०१६ साली पुढे आली. सर्वच पेशी सारख्या थकत नाहीत. प्लीहेच्या आणि लसिका ग्रंथींच्या आतल्या भागात काही पेशी मागे राखलेल्या असतात. आपला शेतकरी सगळे भात कांडत नाही, पुढच्या पेरणीसाठी बियाणे वेगळे काढून ठेवतो. या पेशी म्हणजे तसे बियाणे. ब्रेक सोडवणाऱ्या औषधाने वाढतात त्या मुख्यतः याच पेशी. कर्करोगात हे औषध आज वापरले जाते, आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच शोधमालिकेसाठी. औषध अतिशय महाग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी औषध इतर गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसाठी मात्र हा उपचार अजून रूढ झालेला नाही.

तिथे उपाय दुसरा आहे, आणि तो आपल्या हातातला आहे. विषाणू कमी झाला की राखणदाराला उसंत मिळते. एचआयव्हीच्या गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात आणि सीडी-चार पेशी पुन्हा वाढतात. विषाणू काही पेशींत दडून राहत असल्यामुळे गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण तो बरा झाल्यावरही टी पेशींवर थकव्याचे काही व्रण कायम राहतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून दिसले. जितका उशीर, तितका व्रण खोल राहण्याची भीती. म्हणून तपासणी लवकर करायची.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी संसार मुंबई आणि गाव असे दोन ठिकाणी विभागलेले असतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येताना गोळ्यांची बाटली कोणी पाहील, म्हणून ती मुंबईतच ठेवून येणारा माणूस आपल्या आसपास असू शकतो. त्या आठ-दहा दिवसांत विषाणू पुन्हा डोके वर काढू लागतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. एचआयव्हीची मोफत औषधे आपल्या राज्यात २००४ पासून मिळतात आणि २०१७ पासून सीडी-चारचा आकडा कितीही असला तरी उपचार सुरू केले जातात. विषाणूजन्य काविळीच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णाचे नाव गुप्त ठेवण्याचे आणि भेदभाव न करण्याचे बंधन एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने घातले आहे. पण घरात आणि वाडीत कोणी नको ते प्रश्न विचारणार नाही, याची हमी कायदा देऊ शकत नाही. ती आपणच द्यायची आहे. पाहुण्याच्या पिशवीत गोळ्यांची बाटली दिसली, तर ती कशाची आहे हे विचारू नये. फक्त गोळी घ्यायच्या वेळी पाण्याचा तांब्या पुढे करावा.