थंडीतले फळ आणि घरातील ज्येष्ठ

मार्गशीर्ष लागला की हिंगोलीच्या बाजारात संत्र्या-मोसंब्यांचे ढीग दिसू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक घरांतील ज्येष्ठांच्या ताटातून ही फळे नाहीशी होतात. ‘संत्रे थंड असते, खोकला होईल’, हे त्यामागचे कारण. ही समजूत मायेपोटी आलेली असली, तरी तिची किंमत वृद्ध शरीराला मोजावी लागते.

प्रथम झाडाकडे पाहू. गोठवणारी थंडी लिंबूवर्गीय झाडांना मारक ठरते. आपल्याकडील थंडी मात्र बहुधा उपकारकच असते. डिसेंबरात पाणी तोडले की गारवा आणि ताण यांमुळे झाडाची वाढ थांबते, ते विसावा घेते आणि जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुले येतात. फळ पक्व होताना रात्री गार असल्या, तर सालीतील हरितद्रव्य ओसरून केशरी रंग खुलतो.

थंडी सोसण्याची शक्ती सर्वांत सारखी नसते. कागदी लिंबू नाजूक, मोसंबी मध्यम, तर संत्रे त्याहून काटक. जपानचे सात्सुमा संत्रे आणि लहानसे कुमकाट अधिक गारवा सोसतात. तीन पर्णिकांचे ट्रायफोलिएट संत्रे तर पाने गाळून हिवाळा काढते. त्याचे फळ कडू असल्याने त्याचा उपयोग मुख्यतः कलमाचा खुंट म्हणून होतो. ज्यांची मुले थंड देशांत राहतात, त्यांनी नाजूक लिंबूवर्गीय झाड कुंडीत लावून हिवाळ्यात उजेडाच्या खोलीत ठेवावे. सतराव्या शतकात फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात याच कामासाठी स्वतंत्र वास्तू उभारली गेली होती.

आपल्या अंगणात एखादे कलम लावायचे असल्यास ते खात्रीच्या रोपवाटिकेतून, रंगपूर लिंबू किंवा जंबेरी खुंटावरचे घ्यावे. कलमाचा जोड जमिनीच्या बराच वर राहू द्यावा. बुंध्याला पाणी लागून डिंक्या रोग होऊ नये, म्हणून दुहेरी आळे करावे. कडाक्याच्या रात्री सायंकाळी हलके पाणी आणि बुंध्याभोवती पाचोळ्याचे आच्छादन पुरेसे असते. मधुमेही ज्येष्ठांनी आळ्यात अनवाणी जाऊ नये. लिंबाचा काटा पायात रुतला, तरी संवेदना कमी झालेल्या पावलाला कळत नाही.

आता फळाकडे वळू. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने स्कर्व्हीने आजारी १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. स्कर्व्ही केवळ जहाजावरचा आजार नव्हे. दात गेलेली, एकटी राहणारी, चहा-बिस्किटे किंवा दुधात कुस्करलेली भाकरी यांवरच दिवस काढणारी वृद्ध व्यक्ती त्याच वाटेवर असू शकते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळसर डाग पडणे, जखम लवकर न भरणे, ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावीत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पुरुषांना दररोज ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. शरीर ते फारसे साठवून ठेवत नाही, म्हणून ते नियमित मिळावे लागते. वरणावर पिळलेले लिंबू डाळ-भाजीतील लोह शोषण्यास मदत करते. जेवणासोबतचा चहा नेमके उलट करतो. संत्र्याने सर्दी होत नाही, तशी ती हमखास टळतेही असे नाही. फळ फ्रिजमधून काढून लगेच न देता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, म्हणजे घशालाही त्रास वाटत नाही.

काही पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. मधुमेहात रसाऐवजी फोडी खाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असल्यास संत्री-मोसंबीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पपनस व ग्रेपफ्रूट ही फळे ॲटोरव्हास्टॅटिन, निफेडिपिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. नेहमीचे संत्रे व मोसंबी यांबाबत ही अडचण सहसा येत नाही. आम्लपित्ताचा त्रास असल्यास रिकाम्या पोटी आंबट फळ नको. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर फळ कोणत्या स्वरूपात द्यावे हे आधी डॉक्टरांना विचारावे. दात नसतील, तर बिया आणि फोडीवरची साल काढून केवळ गर द्यावा.

यंदाच्या हिवाळ्यात घरातील ज्येष्ठांसाठी सकाळी नऊ-दहाच्या उन्हात खुर्ची मांडावी आणि सोललेले संत्रे त्यांच्या हाती द्यावे. अंगणात झाड असल्यास त्याच्या पाण्याची वेळ सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे.