गावाची जमीन आणि गिरणीची जमीन

यंदा पावसाळा संपता संपता मामांना घेऊन हिवरे बाजारला जाऊन आलो. नगरात राहूनही तिकडे जाण्याचा योग येत नव्हता. मामा मूळचे पारनेर तालुक्यातले. त्यांचे तारुण्य मात्र लालबागच्या चाळीत आणि परळच्या एका गिरणीच्या साचेखात्यात गेले. टेकड्यांवरचे समतल चर आणि भरलेल्या विहिरी पाहून स्वारी हरखून गेली. सोबतच्या गृहस्थांनी गावचे नियम सांगितले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही; आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. या शेवटच्या नियमापाशी मामा थबकले.

"काय रे, आमच्या गिरणीला असा नियम कुणी का नाही केला?"

मी पडलो मराठीचा मास्तर. जमीनजुमल्याचे कायदे हा काही माझा प्रांत नव्हे. पण मामांना उत्तर तर द्यायला हवे, म्हणून घरी आल्यावर कागदपत्रे चाळली. नियम होता की! तोच पुढे पातळ झाला.

मुंबईच्या गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधी उभे राहिले नाही. कापडापेक्षा गिरणीखालची जमीनच मोलाची ठरली. उद्योगासाठी राखलेल्या जमिनीवर घरे आणि कचेऱ्या बांधू देणे ही मालकाला केवढी मोठी सवलत! १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती दिली, पण अट घालून. एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता साऱ्या जमिनीची नव्हे, तर केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची! गिरणी म्हणजे बहुतेक शेडच शेड. मोकळे असे उरणार किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

सवलत देणे हेच मुळात चूक, असे मला वाटत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल नावाचे कापड गिरण्यांचे जुने शहर आहे. तेथील कित्येक गिरण्यांत आता लोक राहतात. ऐतिहासिक इमारत ठरल्याप्रमाणे दुरुस्त करणाऱ्याला त्या देशात खर्चाच्या वीस टक्के रक्कम प्राप्तिकरातून वळती करून मिळते. मात्र पाच वर्षांच्या आत इमारत विकली, तर सवलतीचा वाटा सरकारजमा करावा लागतो. सवलत हाती पडली तरी अट मानेवर बसलेलीच असते.

हिवरे बाजारनेही सरकारी पैसा घेतलाच की. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गाव आदर्श गाव योजनेत आले. त्या योजनेत आधी श्रमदान आणि बंदीचे नियम, मग निधी. निधी आला म्हणून कुऱ्हाडबंदी सैल झाली नाही. हे शहाणपण मुंबईसारख्या महानगराला का सुचू नये, हे कोडे मला काही उलगडत नाही.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले होते. २०१२ च्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. मामांचा नंबर अजून लागायचा आहे. २०२५ साली मुंबईबाहेर, शेलू-वांगणीकडे, घरे देऊ केली, तेव्हा कामगारांनी आझाद मैदानावर मोर्चा नेला. मामाही गेले होते, गुडघ्याला पट्टा बांधून.

हे सारे मी एका संध्याकाळी त्यांना सांगत होतो. एफएसआय आणि न्यायालयांच्या कथेला ते नुसते हुं हुं करीत होते. लोवेलच्या एका गिरणीत संग्रहालय केले असून तेथे जुने साचे अजून चालवून दाखवतात, असे म्हणताच मात्र ताठ बसले.

"चालतात? पट्ट्यावरचे, की मोटारीवरचे?"

"पट्ट्यावरचे."

"मग कानठळ्या बसत असतील," मामा म्हणाले आणि चहाची बशी पुढे ओढली.