पूल बेतताना

‘कमी सिमेंटचा पूल’ असं नुसतं म्हटलं तरी आपल्या कपाळावर आठी पडते. सिमेंट कमी म्हणजे कुणीतरी खाल्लं, एवढंच आपल्याला ठाऊक! त्यात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. तो पूल ब्रिटिशांच्या काळातला, दगडी. तिथे सिमेंट कमी की जास्त हा प्रश्नच नव्हता. पण धसका बसला तो बसलाच. पावसाळ्यात घरातलं माणूस पूल ओलांडून येईपर्यंत आपला जीव थाऱ्यावर नसतो.

तरीही मैत्रिणींनो, आज मी कमी सिमेंटच्या पुलाची बाजू मांडणार आहे. तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते, म्हणून हा आगाऊपणा!

आधी सिमेंट कमी का करायचं ते बघू. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की सिमेंटचा मूळ माल, म्हणजे क्लिंकर, तयार होतो. भट्टीच्या इंधनाचा धूर तर असतोच. पण चुनखडी भाजताना तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिमेंटच्या एकूण प्रदूषणात हा भाजण्यातला वाटा निम्म्याहून जास्त. जगात माणसामुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल नंबर आपल्या भारताचा!

हे सांगितल्यावर शेजारच्या वहिनींनी लगेच विचारलं, “पण मॅडम, माल कमी घातला की पूल कच्चा नाही का राहणार?” वहिनींचा शिवणक्लास आहे. मी म्हटलं, “वहिनी, नवी मुलगी ब्लाऊज कापते तेव्हा तिला मीटरभर कापडही पुरत नाही. तुम्ही त्याहून कमी कापडात बसवता. तुमचा ब्लाऊज उसवतो का?” त्या हसल्या. “अहो, कापड वाचवायचं ते बेतताना. शिलाईत नाही वाचवायचं!”

अगदी हेच! पुलाचंही बेतणंच असतं. तुळई किती उंच, तिच्या भिंती किती जाड, सळई किती, काँक्रीट कुठल्या ताकदीचं? यातलं एक बदललं की बाकीची गणितं बदलतात. काँक्रीट वाचवायला गेलं आणि पोलाद वाढलं तर फायदा काय? पोलादाच्या भट्टीलाही कार्बन आहेच. एवढी जुळणी हाताने करत बसायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून पूर्वी इंजिनिअर अनुभवाने माप धरायचा आणि थोडं जास्तच घालायचा.

आता हे काम संगणक करतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या पुलांसाठी आधीच ओतून आणलेल्या, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या तुळया अशाच बेतून पाहिल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातली रीत मला फार आवडली, कारण ती काजव्यांकडून उचललेली आहे! प्रत्येक आराखडा म्हणजे एक काजवा. आराखडा जितका चांगला तितका काजवा जास्त उजळ, आणि मंद काजवे उजळ काजव्याकडे सरकत जातात. काजव्यांची ही रीत मुळात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली. म्हणजे हे बेतणं आपल्याकडूनच तिकडे गेलेलं!

महत्त्वाची गोष्ट अशी, की वजन पेलणं, वाकणं, तडे जाणं याचे नियम जो आराखडा पाळत नाही तो बादच. सुरक्षिततेत तडजोड नाही. नियमांत बसणाऱ्यांमधूनच कमी खर्चाचा आणि कमी कार्बनचा निवडायचा. आणि दिसलं काय? खर्च आणि कार्बन बहुतेक हातात हात घालून कमी होतात. आपल्या काटकसरीचं शास्त्र यापेक्षा वेगळं काय आहे?

दुसरा उपाय मिश्रणाचा. औष्णिक वीजकेंद्रातली राख पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत चालते. पोलादभट्टीच्या मळीचं सिमेंटही मिळतं, त्यात मळी ७० टक्क्यांपर्यंत घालता येते. ही भेसळ नव्हे बरं का, भारतीय मानकातच बसतं. उलट अशा काँक्रीटमध्ये समुद्राचा खारेपणा सहज शिरत नाही, सळई उशिरा गंजते. कोकणासाठी तर हे वरदानच. जो पूल जास्त वर्षं टिकला, त्याचा कार्बनही तितक्या वर्षांत वाटला गेला.

मात्र हे सिमेंट सावकाश ताकद धरतं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस पाणी मारायचं, तर याला निदान दहा दिवस. तुमच्या घराच्या स्लॅबलाही हाच नियम! इथे आळस केला, तर बेतलेलं सगळं वाया.

म्हणून गावात पुलाचं काम निघालं, तर ग्रामसभेत “किती पोती घातली?” एवढंच विचारून थांबू नका. आराखडा कुणी तपासला, काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी झाली का, पाणी किती दिवस मारलं, हे विचारा. चोरलेलं सिमेंट आणि वाचवलेलं सिमेंट यांतला फरक या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच कळतो. आणि हे विचारायला इंजिनिअरच असावं लागतं असं थोडंच आहे?