ट्रॅक्टरच्या शेडपुढे दिवा कोणता आणि कोठे लावावा?



शेगाव भागात बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि कोठ्याशेजारी टिनाचे मोठे शेड उभे राहिले. शेडवर आपण मोठा खर्च करतो. दिवा मात्र सगळ्यांत शेवटी आठवतो. मग घरातलाच एखादा बल्ब वायरीला लोंबकळवून दारावर टांगला की झाले काम! मागच्या हंगामात अशाच एका शेडपुढे मी उभा होतो. मालक रात्री ट्रॉली मागे घेत होते. दिवा सरळ त्यांच्या डोळ्यांवर, त्यामुळे चाकाजवळ आलेला नातू त्यांना दिसलाच नाही. शेजारी ओरडला म्हणून निभावले.

म्हणून आधी जागा पाहावी, मग दिवा. दाराच्या मधोमध एकच दिवा असला की ट्रॅक्टरची आणि आपली स्वतःचीच सावली कामावर पडते. दार १२ ते १६ फूट रुंद असेल तर दोन्ही बाजूंना एकेक दिवा, ९-१० फूट उंचीवर लावा. एकाने पाडलेली सावली दुसरा पुसून टाकतो. दिव्याचे तोंड समोर नको, खाली हवे. फाटकापाशी जाऊन उभे राहा. उजेड डोळ्यांत खुपत असेल तर दिवा आणखी खाली वळवा.

दिवा केवढा? १५ वॅटचा एक एलईडी जुन्या १०० वॅटच्या बल्बाएवढा, किंबहुना थोडा जास्तच उजेड देतो. असे दोन दिवे रोज १० तास जळाले तर महिन्याला ९ युनिट होतात. ५०० वॅटचा हॅलोजन तेवढाच वेळ ठेवला तर १५० युनिट! शिवाय हॅलोजन भयंकर तापतो. जवळ कुटार किंवा कापसाची गंजी असेल तर तो लावूच नका.

आता रंगाचे पाहू. दुकानदार पांढराशुभ्र दिवा पुढे करतो, कारण तो झगझगीत दिसतो. पण पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे आणि पतंग अशा दिव्याखाली कसे जमतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. आपला प्रकाशसापळा चालतो तो याच तत्त्वावर. तो सापळा वावरात लावा, दारात नको. किडे आले की बेडूक येतात, बेडकामागे साप. म्हणून दारावर पिवळसर दिवा घ्यावा; खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेले असते. बटण बाहेरच, दाराजवळ पण पावसापासून आडोशाला ठेवा. मण्यार, घोणस रात्रीच फिरतात. उजेड करून मग पाय टाकावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. शेडच्या पुढेच सोयाबीन असेल तर रात्रभराचा उजेड त्या पिकावर पडू देऊ नका. सोयाबीनला फुलावर येण्यासाठी लांब, अखंड काळोखी रात्र लागते. सतत उजेड मिळाला की झाड हिरवेच राहते, फूल-शेंग लांबते आणि बाकीचे वावर सोंगणीला आले तरी तेवढा पट्टा मागे राहतो. रस्त्याच्या खांबाखालचे सोयाबीन एकदा नीट पाहा. तुरीचेही थोडेफार तसेच. बियाण्याला दोष देण्याआधी दिव्याकडे पाहावे!

टिनाच्या शेडला खरी भीती करंटची. पत्र्याच्या काठावर वायर घासून सोलली की अख्खे शेड करंट धरते, आणि पहिला हात लावतो तो गडी किंवा लेकरू. वायर पाइपातूनच न्या, सांधा उघडा ठेवू नका, शेडला अर्थिंग करून घ्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवा. दिव्यावर 'आयपी ६५' असा शिक्का पाहून घ्या. त्यात धूळ शिरत नाही आणि पावसाच्या माऱ्यानेही तो बिघडत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

माणूस आला की आपोआप लागणारा दिवाही मिळतो. तो अंगाची ऊब ओळखतो. मे महिन्यात आपल्याकडे दिवस मावळला तरी हवा अंगाएवढीच तापलेली असते. तेव्हा तो चुकतो, आणि एरवी कुत्र्यालाही लागतो. राखणीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

शेड वावरात असेल आणि वीज पाळीपाळीने येत असेल तर सौर दिवा बरा. त्याची पाटी दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २० अंश तिरपी बसवा. झाडाची सावली नको. मळणीच्या दिवसांत पाटीवर भुसकटाचा थर बसतो आणि मध्यरात्रीच दिवा मान टाकतो. त्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी पाटी थंड असताना, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.