कळलावी दुर्मिळ आहे का?

यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या बाजूला टेकड्यांवर भटकणाऱ्या एका वाचकाने एका फुलाचा फोटो पाठवला आहे आणि खाली एकच ओळ: ‘हे फूल दुर्मिळ आहे का?’ फोटो कळलावीचा आहे. दर श्रावणात कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात हे फूल ‘दुर्मिळ’ या शब्दासकट छापून येतं, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र हो किंवा नाही एवढ्यात आटोपत नाही.

आधी फूल नीट बघू. कळी मान खाली घालून लटकते. उमलली की सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा चुण्या पडल्यासारख्या. सुरुवातीला हिरवट पिवळ्या, मग टोकांकडून तांबूस आणि चार-सहा दिवसांत लालभडक. अग्निशिखा हे नाव कुणी दिलं असेल त्याने एखादी वेल रोज जाऊन पाहिली असणार. माझं लक्ष मात्र दर वेळी फुलाच्या मधोमध जातं. इथून निघणारी बारीक दांडी, जिच्या टोकावर परागकण टेकायला हवेत, ती मुळाशीच काटकोनात वळून बाजूला निघून जाते. स्वतःचे पराग स्वतःवर सहजी पडू नयेत, अशी ही रचना. मोठ्या पंखांचं फुलपाखरू आलं की काम होतं. तमिळनाडूत कळलावीची शेती होते, तिथे शेतकरी सकाळी फुलाफुलावर जाऊन हाताने पराग लावतात, इतकी ती दांडी अडून बसलेली असते.

वेल चढते तीही पानांच्या जोरावर. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. जमिनीखाली कंद. तो दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात हिला लांगली म्हणतात. पुढच्या वर्षीचा कोंब त्या फाट्यांच्या टोकाशीच असतो. टोक मोडलं की तो फाटा गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, दुर्मिळ का? जागतिक लाल यादीत कळलावी सर्वात कमी काळजीच्या गटात आहे. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती पसरली आहे. झिम्बाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे, तमिळनाडूचं राज्यफूल आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे ती मुळात नव्हतीच, तिथे वाळूच्या टेकड्यांवर इतकी माजली आहे की तण म्हणून उपटावी लागते. एवढं वाचून वाचकाला ‘नाही’ असं उत्तर कळवून मोकळं व्हावंसं वाटेल. पण इथेच मला डेबोरा राबिनोविट्झ आठवतात.

या अमेरिकी वनस्पती-परिस्थितिकी अभ्यासकाचं नाव आपल्याकडे निसर्गप्रेमींच्याही कानावर नसतं, याची मला खरोखर खंत वाटते. १९८१ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला, विषय होता दुर्मिळपणाचे सात प्रकार. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. वनस्पती मोठ्या प्रदेशात आहे की छोट्या? अनेक तऱ्हांच्या जागी वाढते की एकाच? कुठे तरी दाटीने उगवते की सगळीकडे तुरळकच? तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे आठ घरं. त्यातलं एकच घर खऱ्या अर्थाने सर्रास आढळणाऱ्या वनस्पतींचं, बाकी सात घरं दुर्मिळांची, आणि प्रत्येक घराचं दुखणं वेगळं. त्याआधी मिसुरीच्या गवताळ माळावर तुरळक उगवणाऱ्या गवतांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं आणि तुरळक म्हणजे दुबळं नव्हे, हे दाखवून दिलं होतं. १९८७ मध्ये ऐन उमेदीत त्या गेल्या. त्यांची ती आठ घरं आजही मला कुठल्याही लाल यादीपेक्षा जास्त शिकवतात.

शिवनेरीवरचं शिवसुमन त्या तक्त्यात ठेवून पाहा. डाल्झेल या वनस्पतितज्ज्ञाने १८६५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव त्याला दिलं. प्रदेश छोटा, सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरांपुरता. जागा एकच, उभ्या कड्याच्या कपारी. संख्या जेमतेम. तिन्ही प्रश्नांची उत्तरं वाईट. कळलावी बरोबर उलट: प्रदेश अफाट, जागा अनेक, पण आपल्याकडच्या रानात बहुधा एखाद-दुसरी वेल इथे, एखादी तिकडे. पहिल्या दोन उत्तरांवर जग निश्चिंत राहतं. तिसरं उत्तर मात्र ज्या त्या टेकडीचं असतं आणि ते जागतिक यादीत कधीच दिसणार नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९३ मध्ये काढला. असे ग्रंथ अनमोल असतात. पण वनस्पती ‘आहे’ हे ते सांगतात, ‘किती आहे’ ते सांगत नाहीत. कळलावीच्या बाबतीत धोका नेमका त्या ‘किती’ला आहे, कारण तिला मागणी आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. ते गाऊटवरचं जुनं औषध आहे आणि जहाल विषही. कंद पोटात गेल्याने माणसं दगावली आहेत. पूर्वी बाळंतपणात अडलेल्या बाईला कंद उगाळून लावत. कळा लावणारी म्हणून ती कळलावी. नावातल्या ‘कळ’चा दुसरा अर्थ धरून, घरात ठेवली तर भांडणं होतात, अशीही समजूत पडली. त्या समजुतीने काही वेली नक्कीच वाचल्या असतील.

या कोल्चिसीनचं यवतमाळशी असलेलं नातं मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातात, ते ओढणंच हे द्रव्य थांबवतं. मग एकाच पेशीत गुणसूत्रं दुप्पट होतात. १९३७ मध्ये हे तंत्र हाती आलं आणि तीनच वर्षांत बीस्ली या अमेरिकी संशोधकाने ते कपाशीवर वापरलं. आशियाई कपाशीची, म्हणजे आपल्या देशी कापसाच्या वंशाची, गुणसूत्रं २६. अमेरिकी कपाशीची ५२. बीस्लींनी आशियाई कपाशीचा अमेरिकेतल्या २६ गुणसूत्रांच्या रानकपाशीशी संकर केला. संकर वांझ निघाला. कोल्चिसीनने त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, तो फळला आणि लागवडीच्या अमेरिकी कपाशीशी त्याचं जुळलंही. आज यवतमाळच्या काळ्या जमिनीत उभी असलेली पऱ्हाटी मुळात दोन वंशांच्या मिलाफातून आली, याचा तो ढळढळीत पुरावा. बीस्ली पुढे दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. हे द्रव्य मुळात मिळालं कळलावीच्याच कुळातल्या एका युरोपी फुलातून, आणि ते बाळगणारी वेल आपल्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उगवते.

निदान उगवत होती. धुऱ्यावर तणनाशक फवारलं की वरची वेल जळते. रानात कुणी कंद ओढून काढला आणि टोक मोडलं, तर मागे काही उरत नाही. बी पडलं तरी रोपाला फूल यायला तीन-चार पावसाळे जातात. तुरळक वनस्पतीला हा हिशेब झेपत नाही.

म्हणून फोटो पाठवणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे. त्याच टेकडीवर दिवाळीच्या सुमारास पुन्हा जा. त्या वाटेवर किती वेली आहेत ते मोजा आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. कुठे जमीन उकरलेली आहे का, तेही पाहा. कंदाला हात लावू नका. तोवर पानं पिवळी पडली असतील आणि बोंडं उकलायला लागली असतील. आत शेंदरी बिया दिसल्या, तर त्या टेकडीवर फुलपाखरं बहुधा अजून येत आहेत. तोही फोटो पाठवा.